पार्सलकाकांचा कॅन

आमच्या पार्सलकाकांनी आयुष्यात कुठलीही वस्तू उघड्या अंगानं घराबाहेर पाठवली नाही. हे माझे सख्खे काका. आबिड्सच्या टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर खिडकी तेवढी सुटली. मांजरपाट, दाभण, लाख आणि लाखेवर उमटवायला कोटाचं एक पितळी बटण, हा संसार जामबागच्या घरात जोरात चालू राहिला.

काकीला शेजारी लोणचं द्यायचं असलं तरी बरणी आधी काकांच्या हाताखालून जायची. ते बरणीला कापड बेतायचे, शिवायचे, वर ‘नाजूक वस्तू’ लिहायचे, खाली ‘प्रेषक’ म्हणून स्वतःचं पूर्ण नाव घालायचे आणि मग भिंतीपलीकडे द्यायचे. “पार्सल म्हंजे माणूस हाय,” ते म्हणायचे. “अंगावर कापड पायजे आणि कोणाकून आलं ते नाव पायजे. नाव नसलं की बेवारस.” शेजारीण शिवण उसवेपर्यंत तिच्या घरची जेवणं उरकलेली असायची.

अशा माणसाला डॉक्टरांनी एकदा लघवी तपासून आणायला सांगितली. काकांच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही. ते ‘पाणी’ म्हणत, तेही भिंतीकडे बघून. लॅबची ती इवलीशी बाटली त्यांनी रीतसर कापडात शिवली, लाख लावली आणि कोठी भागातल्या लॅबमध्ये काउंटरवर ठेवली. तिथला माणूस ती उलटीसुलटी करून बघत राहिला. “चाचा, सब लोगां खुल्ला लाते. तुम कायकू कपडे पैनाए?”

“रस्ते में लोगां देखते,” काका म्हणाले. “नंगा कैसा लाऊं?”

त्यानं कैची मागवली. पुढे काका दिसले की तो आधी कैची काढून ठेवायचा, मग सलाम करायचा.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग काकीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं आणि तिच्या शरीराला ते मानवेना. घरातल्याच कोणीतरी मूत्रपिंड दिलं तर बरं, असं डॉक्टर म्हणाले. काकीचा भाऊ पुढे आला. त्याच्या तपासण्या झाल्या आणि त्याला साखर निघाली. तेव्हा काकीनं जाहीर करून टाकलं, “आता बास. माझ्यापायी कोणाच्या पोटाला सुरी लागायची नाही. ह्यांच्या तर नाहीच नाही.” काका खाली मान घालून दाभणात दोरा ओवत बसले होते. त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

त्यांनी गुपचूप माझ्या स्कूटीवर बसून दवाखाना गाठला. रक्तगट जुळला. मग डॉक्टरांनी पाच लिटरचा एक पांढरा कॅन हातात दिला. सकाळची पहिली सोडून द्यायची, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत थेंब न थेंब यात जमा करायचा. काकांची मूत्रपिंडं पुरेशी दणकट आहेत की नाहीत, हे त्यावरून बरंचसं कळणार होतं. दणकट निघाली तर काकी वाचण्याची आशा होती. काकीला मात्र यातलं काहीही कळू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकीच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, अफझलगंजच्या एका फंक्शन हॉलमध्ये. मी म्हटलं, एक दिवस थांबू. काका म्हणाले, “आलेलं टपाल त्याच दिवशी काढायचं असतंय.” त्यांनी कॅनला शुभ्र मांजरपाटाचं अंगडं शिवलं, आत बर्फाच्या पिशव्या कोंबल्या आणि तोंडाशी परकराला असते तशी नाडी घातली, म्हणजे अधूनमधून उघडता येईल. सवयीनं वर ‘नाजूक वस्तू’ आणि खाली प्रेषक लिहायलाही ते विसरले नाहीत.

आमच्या बौद्ध लग्नात मानपान नसतो, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. आणि कोणाला आधी खुर्ची मिळाली ते सगळ्यांना वर्षभर आठवतं. काका मांडीवर ते देखणं पार्सल घेऊन बसले. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, लोक आहेर देऊन आले, तरी काका जागचे हलेनात. मधूनच पार्सल उचलून कुठंतरी जायचे आणि तसेच परत यायचे. मावशीनं, म्हणजे काकीच्या बहिणीनं, ‘नाजूक वस्तू’ वाचून आत काचेचा सेट आहे हे केव्हाच ताडलं होतं. आणलेला आहेर माणूस देत का नाही? रुसलाय, दुसरं काय! बातमी मांडवभर झाली. काकांचे साडू कासावीस होऊन आले.

“जयभीम दादा. आमच्याकून काही चुकलं का?”

“नाही हो.”

“मग असं का करायलाव?”

काका भिंतीकडे बघू लागले. साडूंची खात्रीच पटली. त्यांनी लगेच माइकवरून पुकारलं की आदरणीय दादांचा सत्कार होणार आहे, त्यांनी मंचावर यावं. पार्सल खाली ठेवायची सोय नव्हती, म्हणून काका ते घेऊनच चढले. शाल अंगावर पडली, आणि साडूंनी पार्सलला हात घातला. फोटोवाला म्हणाला, “दोनों पकडो साब, इधर देखो.” तो फोटो लग्नाच्या अल्बममध्ये अजून आहे. दोघंही आपापल्या बाजूला ओढताहेत.

शेवटी काका साडूंच्या कानाशी वाकले आणि जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारला. “सोडा हो. माझी लघवी हाय त्यात. दिवसभराची.”

साडूंच्या हातातला माइक चालू होता.

हॉलमध्ये असा हशा उसळला की नवरदेवसुद्धा पोट धरून वाकला. पुढच्या सोफ्यावर बसलेली काकी तेवढी हसली नाही. भावाच्या वेळी असाच कॅन तिच्या डोळ्यांसमोर घरात आला होता. दिवसभराची कोणाची आणि कशासाठी जमवतात, हे तिला बरोबर ठाऊक होतं. काका शालीसकट खाली उतरले आणि चोरी पकडल्यासारखे तिच्यापुढे उभे राहिले.

तिनं बराच वेळ ती शिवण न्याहाळली. मग म्हणाली, “नाडी ढिली झालीय. घट्ट बांधा. आणि पाणी प्यायलाव का नाही सकाळपासून?”

मला रडू आवरेना. मावशी मला समजावत राहिली की अगं, एवढं लाजायचं काय त्यात.

कॅन बघून लॅबवाला म्हणाला, “इसकू तो शेरवानी पैनाए चाचा तुम.” रिपोर्ट चांगला आला. पुढच्या तपासण्याही पार पडल्या. ऑपरेशनला नेताना काकांनी डॉक्टरांना बजावलं, “पता बराबर देखो साब. बाजू के बेडकू नक्को डालो.” पार्सल योग्य पत्त्यावर पोचलं. काकी पुन्हा लोणची घालू लागली आणि काका पुन्हा बरण्या शिवू लागले.

गेल्या वर्षी काका झोपेतच गेले. हृदय थांबलं, उरलेलं मूत्रपिंड शेवटपर्यंत ठणठणीत होतं. घर फार उघडं वाटायला लागलं, आणि अजून वाटतं.

काकीची तपासणी दर काही महिन्यांनी असतेच. काका गेल्यानंतरची पहिली तपासणी आली, तेव्हा मी बाटली न्यायला गेले. काकी जमिनीवर बसून मांजरपाट शिवत होती. जन्मभर या उद्योगाची तिनं चेष्टा केलेली, त्यामुळे टाके वेडेवाकडे. तिनं वर ‘नाजूक वस्तू’ लिहिलं आणि खाली ‘प्रेषक’ लिहून काकांचं पूर्ण नाव घातलं.

मी म्हटलं, “काकी, लॅबवाले गोंधळतील. नाव तुझं पाहिजे.”

“माझं बाटलीवर हाय की,” दोरा दातानं तोडत ती म्हणाली. “पण पाठवायलेत तर तेच ना.”