काथ्याच्या गळ्यातली गादी

बारीक खिळे ते डाव्या गालात ठेवायचे. जिभेने एकेक पुढे आणायचे, डोकं बाहेर, टोक आत, आणि चुंबकाच्या हातोडीने ओठांवरूनच उचलायचे. चहाचा शेवटचा घोट कपात तसाच सोडायचे. कापड कापताना श्वास रोखायचे, कापून झालं की स्वतःशीच म्हणायचे, "हं, झालं." कोणाच्याही घरी गेले तरी बसायच्या आधी खुर्ची उलटी करून पाहायचे. बायको सांगते, तिला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हाही आधी खुर्चीचा तळ पाहिला, मग तिचा चेहरा.

"खुर्ची नापास झाली," ती म्हणते. "मी काठावर पास."

आणखी एक सवय होती. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही तो लांबून येताना दिसला, की ते हळूच चिमूटभर खिळे तोंडात टाकायचे. मग विचारणाऱ्याने विचारत बसावं. म्हणून गल्लीत त्यांना खिळेभाऊ म्हणत. सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या नव्याने भरून देणं हा त्यांचा धंदा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधे पडदा. पडद्यापलीकडे हातोडी वाजत असली की बायकोला कळायचं, काम चालू आहे. हातोडी चालू असूनही हाकेला ओ मिळाली नाही, की तिला कळायचं, उत्तर द्यायचं नाहीये.

शेवटच्या वर्षात त्यांनी सगळ्यात जास्त खिळे काथ्यापायी चघळले.

काथ्या म्हणजे कुत्रा. जुन्या सोफ्यातून उपसलेल्या काथ्याचा ढीग दुकानाच्या कोपऱ्यात पडला होता. एका सकाळी खिळेभाऊ तो उचलायला गेले आणि ढिगाने जांभई दिली. रंग तोच, केस तसेच राठ. बायकोने वाटीत दूध दिलं, त्यांनी स्टुलाची जुनी गादी दिली. राहू दे चार दिवस, असं दोघंही म्हणाले. त्या चार दिवसांचं वर्ष झालं.

मग काथ्या वयात आला.

आधी त्याने गिऱ्हाइकाच्या नव्या मखमलीवर पाय वर केला. मग दोरी तोडून पळायला लागला. कुठूनतरी वास यायचा, आणि घरातलं हे शहाणं पोर बघता बघता परकं व्हायचं. हाक ऐकू यायची नाही, खाणं दिसायचं नाही. दुकानासमोरचा रस्ता पूर्वी सायकलींचा होता, आता टेम्पोंचा झाला होता. काथ्या तो न बघता ओलांडायचा. दोन दिवसांनी परत यायचा तो चिखलाने माखलेला, उपाशी आणि अगदी खूश.

एकदा परत आला तेव्हा अर्धा कान लोंबत होता. दोघांनी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी टाके घातले, हात धुतले आणि सरळच सांगितलं.

"नसबंदी करून घ्या याची. अंडकोश काढून टाकायचे. सकाळी आणा, संध्याकाळी घरी घेऊन जा."

"सुधारेल?" बायकोने विचारलं.

"भांडणं थांबतीलच असं वचन देत नाही. पण मादीच्या वासाने जे वेड लागतं ते पुष्कळ उतरेल. पळणं कमी होईल. पळणारे कुत्रे म्हातारे होत नाहीत, वहिनी. माझ्याकडे येतात ते गाडीखालून काढलेले."

दोघीही खिळेभाऊंकडे बघायला लागल्या. त्यांनी सवयीने खिशात हात घातला. खिळे नव्हते. खडूचा तुकडा निघाला. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

त्या विचाराला मुहूर्त लागेना. दरम्यान पलीकडच्या गल्लीतली शिंपीणबाई एक टोपली घेऊन दुकानात आली. टोपलीत चार पिल्लं होती. चारही काथ्याच्या रंगाची.

"भाऊ, नातवंडं बघून घ्या," ती म्हणाली. "माझी कुत्री गरीब आहे, म्हणून मी भांडायला आले नाही. पण यांना घरं शोधायची तर निम्मी तुम्ही शोधा."

शेजारचा किल्लीवाला हसून हसून खोकायला लागला. बायकोने कपाळाला हात लावला. पिल्लांना घरं मिळेपर्यंत ती दारोदार हिंडली. शेवटचं पिल्लू देऊन आली त्या दिवशी तिचा संयम सुटला.

"अहो, ऑपरेशन त्याचं आहे. तुम्ही का मांड्या आवळून बसलात?"

किल्लीवाल्याने कानस बाजूला ठेवली. "वहिनी, पुरुष पुरुषाची बाजू घेणारच."

"तू गप रे. तुझ्या किल्ल्या तरी लागतात का कुलपाला?"

खिळेभाऊंच्या तोंडात खिळे होते.

बरेच दिवस तिला वाटत राहिलं, कारण हेच. पुरुषी खोड. मनात ती थोडी हसायचीही. मग एका दुपारी जेवताना, तोंडात घासाशिवाय काही नसताना, ते आपणहून बोलले.

"त्याला विचारता येत नाही ना."

"कोणाला?"

"काथ्याला."

तिने पोळी ताटात ठेवली. तिला आबा आठवले.

आबा म्हणजे खिळेभाऊंचे वडील. त्यांना साखरेचा आजार. एका पायाची जखम चिघळली आणि पाय काळा पडत गेला. तापात आबा बरळत होते. दवाखान्याच्या बोळात डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून कापावा लागेल, आत्ता सांगा. खिळेभाऊ "हो" म्हणाले. एवढंच. आबा वाचले, पुढे चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत ते मुलाला एकच गोष्ट म्हणत राहिले, "मला हलवून विचारायचं होतंस." रागावून नाही. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं. खिळेभाऊंनी त्यांच्या अर्ध्या पायासाठी आतून मऊ लोकर लावलेली खोळ शिवून दिली. आबांनी ती शेवटपर्यंत वापरली. वाक्यही सोडलं नाही. खिळे तोंडात टाकून गप्प बसायची सवय तेव्हाची. त्याआधी खिळे फक्त कामापुरते असत.

"आबा शुद्धीत नव्हते," बायको म्हणाली. "विचारणार कोणाला? आणि वाचले ना ते?"

"वाचले."

"मग? काथ्या काही आयुष्यभर बोलून दाखवणार नाही तुम्हाला."

"तेच तर. आबा निदान बोलून तरी दाखवायचे. हा माझ्या मागून शेपूट हलवत येईल. कुठे नेतोय तेसुद्धा विचारणार नाही."

तिने त्यांना आणखी एक पोळी वाढली. ती त्यांनी काथ्याला दिली. काथ्याने ती न चावता गिळली आणि दाराकडे तोंड करून बसला. हवेत कुठेतरी काहीतरी होतं.

त्यानंतर एका सकाळी ते काथ्याला फिरवायला घेऊन गेले आणि उशिरा आले. कुठे गेला होतात, असं तिने विचारलं. खिळे.

त्याच दिवशी त्यांनी एक नवीन काम हाती घेतलं. मखमलीचं उरलेलं निळं कापड काढलं, स्पंजाची लांब पट्टी कापली आणि जाड वेढं शिवायला घेतलं, मधे भोक असलेलं. बायकोने पडद्याआडून मान काढली.

"हे काय?"

"गादी."

"मधे भोक असलेली?" तिने अंदाज बांधला आणि आवाज खाली आणला. "कोणाला मूळव्याध झालीय?"

ते गालात हसले. खिळे असताना जेवढं हसता येतं तेवढं. तिने मनाशी दोन-तीन गिऱ्हाइकांवर संशय घेतला आणि विषय सोडला.

पण ती गादी काही संपेना. शिवायची, उसवायची. एकदा आतली शिवण टोचते म्हणून उसवली. एकदा कड जाड झाली म्हणून. मग वाकडी सुई घेऊन हाताने, आतून, बारीक टाके घालत बसले. पैशाची कामं खोळंबली.

"अहो, बसणाऱ्याला कळणारसुद्धा नाही," ती म्हणाली.

"त्याला कळेल."

दुसऱ्या बाजूने काथ्या दिवसेंदिवस बिथरत होता. हवेतलं ते काहीतरी जवळ आलं होतं. त्याला आता दोरीने सोफ्याच्या पायाला अडकवून ठेवावं लागत असे. पायाला गाठ नसे, नुसता फास. तीन माणसांचा सोफा, तो उचलून काथ्या कुठे जाणार?

मंगळवारी दुपारी बायको मागे कपड्यांच्या घड्या घालत होती. पुढे हातोडी चालू होती. मग ती थांबली. तिने घडी पुरी केली. हातोडी पुन्हा सुरू झाली नाही. मग ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर माणसांचे.

काय झालं ते तिला नंतर किल्लीवाल्याने सांगितलं.

सोफ्याच्या तळाला कापड ठोकायचं होतं. खिळेभाऊंनी सोफा उलटा केला. असं ते रोजच करत. पाय हवेत गेला आणि फास सरकून निघाला. रस्त्यापलीकडे एक कुत्री उभी होती. काथ्या सुटला. खिळेभाऊ मागे धावले. तोंडात खिळे भरलेले, हाक मारता येईना. उंबऱ्यावर ते थांबले, ओंजळीत खिळे काढले. थुंकले नाहीत. रस्त्यावर पोरं अनवाणी असतात, सायकली असतात. सगळे खिळे मुठीत घेतले आणि तसेच रस्त्यावर उतरले. त्याच क्षणी टेम्पो आला.

"हाक मारली का त्यांनी?" तिने विचारलं.

"तोंड उघडलं होतं, वहिनी."

हाक मारली असती तर काथ्या थांबला असता का, कोणास ठाऊक. हाकेने टेम्पोवाल्याने मात्र मान वळवली असती.

दवाखान्यात, ते गेल्यावर, त्यांची मूठ उघडावी लागली. नर्सने खिळे एका कागदावर काढून तिच्या हातात दिले. एकही सांडला नव्हता.

काथ्या संध्याकाळी परत आला. चिखलाने माखलेला, उपाशी, अगदी खूश. दुकानात माणसं बसली होती. त्याने सगळ्यांना हुंगलं, उलट्या सोफ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि स्टुलाच्या गादीवर जाऊन झोपला. बायकोला त्याच्याकडे बघवेना. दीर म्हणाले, "वहिनी, याला गाडीत घालून लांब सोडून येतो. नजरेसमोर नको." त्यांनी दोरी हातात घेतली तेव्हा मात्र तिने ती काढून घेतली आणि आपल्या मनगटाला गुंडाळली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

"भाऊ आहेत का? काथ्याला आज आणणार होते. वाट बघून फोन केला."

"आज?"

"दिवस खरं तर सोमवारचा ठरला होता. त्यांनीच पुढे ढकलला. म्हणाले, गळ्यातली गादी पुरी व्हायचीय. ऑपरेशननंतर जखम चाटू नये म्हणून आम्ही प्लॅस्टिकचं नरसाळं घालतो ना गळ्यात, ते त्यांना पसंत पडलं नाही. कड मानेला घासते म्हणाले. मी मऊ करून आणतो, आधी ते होऊ द्या." बाई हसल्या. "मी म्हटलं, भाऊ, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. तर म्हणाले, दहा दिवस त्याचेच आहेत ना."

बायको फोन धरून उभी राहिली. सोमवार गेला होता. सोमवारी ते खिडकीशी बसून वाकड्या सुईने टाके घालत होते आणि ती त्यांना गिऱ्हाइकांवरून बोलत होती.

तिने बाईंना झालं ते सांगितलं.

"वहिनी," बाई मग हळू म्हणाल्या, "आता घाई नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. कधी सांगाल तेव्हा."

कामाच्या फळीवर खिळ्यांचा डबा उघडा होता. तिचा हात तिकडे गेला आणि कडेवरच थांबला.

"पुढच्या आठवड्यात आणते," ती म्हणाली.

फोन ठेवून ती काथ्याजवळ गेली. तो झोपला होता. पाय धावल्यासारखे हलत होते. तिने त्याला हलवून उठवलं. काथ्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. ती थोडा वेळ त्याच्यासमोर तशीच बसून राहिली.

मग तिने खुंटीवरची निळी गादी काढली आणि त्याच्या डोक्यातून घातली. फाटका कान अलगद बाहेर काढला. गादी मानेला बरोबर बसली, कुठे टोचली नाही. फक्त एका बाजूला चार बोटांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यातून स्पंज बाहेर डोकावत होता. तिथेच वाकडी सुई खोचलेली होती. दोरा ओवलेला, मेण लावलेला. तेवढे टाके घालायचे राहिले होते.