कोंडलेला धूर
त्या शिमग्याला मी मुंबईहून घरी आलो तेव्हा वडील पडवीत एकटे जेवत होते. किहीम आणि अलिबाग यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमची वस्ती. घरात भाऊ, भावजय, त्यांची दीड वर्षांची मुलगी अशी सगळी होती आणि सगळ्यांची ताटं चुलीजवळ मांडली होती. वडिलांची थाळी मात्र बाहेर. तांब्याही वेगळा. मी कारण विचारलं तेव्हा आत उकडतं, एवढंच ते म्हणाले.

आई काही बोलली नाही. बाजारात मासे विकताना तिचा आवाज रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई. तिचं गप्प राहणं मला त्या थाळीपेक्षा जास्त खटकलं.

बाकीचं भावजयीकडून कळलं. नारळी पौर्णिमेनंतर, म्हणजे सात महिन्यांपूर्वी, वडिलांनी आपली खाट पडवीत नेली. थाळी ते स्वतः घासत. नात पाय धरायला आली की तिला वळवून परत घरात पाठवत. आईने दोनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही. मग तिने ठरवलं की नवरा रागावला आहे. कशावरून, ते तिला आठवून सापडेना. तिनेही बोलणं सोडलं. विहिरीवर एक बाई आईच्या तोंडावर म्हणाली, तांडेलाने म्हातारपणी वेगळा संसार मांडला, आता दुसरी होडीही बघेल. एरवी आईने त्या बाईला विहिरीवरून घरापर्यंत ऐकवलं असतं. त्या दिवशी ती घागर भरून परत आली.

वडील तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या मचव्याचे प्रमुख. वय छप्पन्नच्या आसपास. त्यांना खोकला होता. मीही पडवीतच झोपत होतो, त्यामुळे दोन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. मुंबईच्या एका दैनिकात मी जिल्ह्यांच्या बातम्या तपासण्याचं काम करत होतो. केव्हा, कुठे, किती हे विचारण्याची सवय अंगात मुरली होती. वडील रात्रभर खोकत नव्हते. मचव्यावर फारसे खोकत नाहीत, असं भाऊ म्हणाला. खोकला यायचा तो सकाळी आणि संध्याकाळी, बोंबील टांगून वाळवायच्या वलांड्यांपलीकडच्या, मासे खारवायच्या जुन्या खोपटातून ते परत आले की. तेव्हा मात्र असा यायचा की ते खांबाला धरून वाकत आणि डोळ्यांतून पाणी येई.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोपटात गेलो. वडील मिठाच्या रिकाम्या गोणीवर बसले होते. हातात चिलीम, चिलमीच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. वास गांजाचा होता. मला पाहून त्यांनी चिलीम लपवली नाही.

"औषध हाय," ते म्हणाले.

मी समोर बसलो. त्यांनी जे सांगितलं ते तुटक होतं. मी ते इथे सलग मांडतो आहे.

त्यांचा थोरला भाऊ क्षयाने गेला, मी जन्मायच्या आधी. वलांड्यांच्या पलीकडे झावळ्यांची एक झोपडी करून त्याला तिथे ठेवलं होतं. वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. दोन्ही वेळचा भात तेच नेत, दहा पावलांवर ठेवत आणि मागे सरत. भाऊ बाहेर येऊन ताट उचली. असं एक वर्ष चाललं. गेल्या पावसाळ्यात वडिलांना खोकला झाला आणि तीन आठवडे गेला नाही, तेव्हा त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. आपल्याला तोच रोग झाला आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि कोणी सांगायच्या आधी आपलं ताट आपणच बाहेर नेलं.

त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या देवळात एक बैरागी मुक्कामाला होता. त्याने सांगितलं, गांजाने छातीतला कफ सुटतो. पहिल्याच झुरक्याला वडील पोटभर खोकले आणि कफ पडला. औषध लागू झालं असं त्यांना वाटलं. कफ पडतो म्हणजे रोग निघतो, असा त्यांचा हिशोब. बैरागी पुढे गेला. वडिलांनी त्याची चिलीम ठेवून घेतली, गांजा कुठे मिळतो ते विचारून घेतलं आणि औषध चालू ठेवलं. गांजावर सरकारी बंदी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मरणाऱ्या माणसाला कायदा काय करणार, असं ते म्हणाले, आणि त्यात त्यांना विनोद वाटला असावा, कारण ते हसले. हसताना खोकला आला.

एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या बुद्धीने वाढवली होती. जाळ्याचा दोर पाण्याखाली अडकला की वडील बुडी मारून तो सोडवत. त्यांच्याइतका वेळ श्वास धरणारा वस्तीत दुसरा माणूस नव्हता. इतर गंजेटी झुरका घेऊन लगेच धूर सोडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. औषध असं वाया घालवायचं नाही, म्हणून ते बुडी मारल्यासारखी छाती भरून झुरका घेत आणि ऐंशी मोजेपर्यंत धूर आत कोंडत. सुरुवातीला पन्नास व्हायचे. ऐंशीपर्यंत आलो याचं त्यांना समाधान होतं.

मी डॉक्टरकडे चला म्हणालो. ते नको म्हणाले. कारण विचारलं तर बराच वेळ फडक्याची गाठ सोडत राहिले.

"डागदरनं नाव घेतला का गावभर झाला. मग तुझे आयेच्या पाटीतला मासा कोन घेल?"

मी म्हणालो, आता या रोगावर सुया निघाल्या आहेत, माणसं बरी होतात. त्यांना ते माहीत नव्हतं. शेवटी एका अटीवर ते तयार झाले. आईला कळू द्यायचं नाही. नवीन दोर बघायला अलिबागला जातो, असं आम्ही घरी सांगितलं. मी कचेरीला तार करून रजा वाढवली.

अलिबागेत एका डॉक्टरकडे छातीचा फोटो काढायची सोय होती. डॉक्टर म्हसळ्याकडचे, मध्यमवयीन, सावकाश बोलणारे मुसलमान गृहस्थ. त्यांनी वडिलांची पाठ ठोकून पाहिली, फोटो काढला आणि तीन सकाळींचा बेडका बाटलीत घालून आणायला सांगितलं. त्या तीन दिवसांत वडिलांनी गांजा घेतला नाही. औषध बंद केलं तर रोग खरा दिसेल, अशी त्यांची समजूत होती. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि क्षय नाही म्हणून सांगितलं. बेडक्यातही काही नव्हतं.

वडिलांनी विचारलं, मग खोकला कशाचा?

डॉक्टरांनी उलट विचारलं की काय ओढता. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, बैराग्यापासून ऐंशी आकड्यापर्यंत. डॉक्टर हसले नाहीत. श्वासाची नळी आतून ओली असते, तिला बारीक केसांसारखी लव असते, ती लव आत गेलेला कचरा वर लोटत असते, असं त्यांनी समजावलं. धूर गरम आणि कोरडा. तो ती नळी भाजतो, लव मरगळते, कचरा साचतो आणि मग शरीर खोकून तो बाहेर टाकतं. कफ पडत होता तो रोगाचा नव्हे, धुराचाच. ओल्या फडक्याने धूर जरासा निवतो, पण गाळला जात नाही. पावसाळ्यातला पहिला खोकला पडशाचा असावा. तो केव्हाच गेला असता. पुढचा सगळा औषधाचा होता.

वडील म्हणाले की ते श्वास तर समुद्रातही कोंडतात, तेव्हा कधी खोकला येत नाही.

"समुद्रात कोंडता तेव्हा आत हवा असते, तांडेल," डॉक्टर म्हणाले. "इथे तुम्ही धूर कोंडता. जितका वेळ कोंडाल तितका वेळ तो आत भाजतो."

बंद केल्यावरही काही आठवडे खोकला राहील, कदाचित आधी थोडा वाढेल, त्याने घाबरू नका, असं त्यांनी बजावलं.

परतताना वडील चालत राहिले, टांग्यात बसायला तयार होईनात. घराजवळ आल्यावर त्यांनी मला सांगितलं, आयेला तू सांग. तुला लिहायची-सांगायची सवय आहे. मी नाही म्हणालो. त्या वेळी ते मला कठोर वाटलं होतं. आजही तेच उत्तर देईन.

आई अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. वडील तिच्यासमोर, बऱ्याच अंतरावर, उकिडवे बसले आणि त्यांनी सांगितलं. थोरल्या भावाचं, खोकल्याचं, गांजाचं, फोटोचं. क्रम चुकला, पण काही वगळलं नाही. आईचे हात चालू होते. मोडके बोंबील एकीकडे, अख्खे एकीकडे. मग हात थांबले.

"सात महिने मी इचार करतेय, माझा काय चुकला."

"तुझा काय न्हाय चुकला."

"मना सांगाचा व्हता. मीबी लांबूनच वाडला असता. पन बोलत वाडला असता."

वडील थोडे पुढे सरकले आणि तिच्या ढिगातले बोंबील निवडू लागले. चुकीच्या ढिगात टाकत होते; आई ते उचलून बरोबर ढिगात ठेवत होती. मी आत गेलो.

पुढचं मला भावजयीने पत्रातून कळवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा खोकला आधी वाढला. वडिलांचा धीर सुटला. फोटो चुकला असेल, असं म्हणून ते एकदा परत खोपटात गेले. आई मागोमाग गेली. तिने चिलीम हिसकावली नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, तुम्ही ओढा, मीही ओढते, दोघं मिळून खोकू. वडिलांनी चिलीम पेटवली नाही. दोघं दुपारपर्यंत तिथे बसून होती, एवढंच पत्रात होतं. काय बोलली ते भावजयीलाही माहीत नव्हतं.

गणपतीला मी पुन्हा आलो. एसटीतून उतरून वस्तीच्या वाटेला लागलो तेव्हा घर दिसायच्या आधी आवाज ऐकू आले. आई आणि वडील भांडत होते. विषय असा होता की बाजारातून येताना वडिलांनी आईने सांगितलेला नारळ आणला नव्हता आणि न सांगितलेला भोपळा आणला होता. आई भोपळ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होती. वडील तिच्यावर आवाज चढवून आपली बाजू मांडत होते, भर समुद्रात दुसऱ्या मचव्याला हाक घालावी तशा आवाजात. मी दारात उभा राहून ऐकत राहिलो. नात वडिलांच्या खांद्यावर बसून दोन्ही हातांनी त्यांचे केस ओढत होती. भांडण बराच वेळ चाललं. त्या सगळ्या वेळात वडील एकदाही खोकले नाहीत.