पौर्णिमेचा उपवास

अकोल्याच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं बौद्ध तत्त्वज्ञान शिकवलं. दुःख, तृष्णा, करुणा, सगळं तोंडपाठ. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

दर्यापूरजवळच्या आमच्या गावात बौद्ध वस्तीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला मला भाषणाला बोलावलं. आमचं घर हिंदू, फुलांच्या मळ्याचं. त्या वस्तीत पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा लहानपणी आईचा दंडक. मोठेपणी पुस्तकं वाचून मी वर्गात त्या दंडकाला भरपूर शिव्या घातल्या. तिकडे जेवायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

त्या दिवशी मीही सगळ्यांबरोबर हात जोडून पंचशील घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यावरच अर्धा तास बोललो, टाळ्या घेतल्या. मग पंगत बसली. पांढऱ्या साडीतली एक म्हातारी खिरीचं भांडं घेऊन पुढ्यात आली. आमच्या मळ्यात आयुष्यभर झेंडू तोडणारी मावशी. तिनं मला कडेवर खेळवलेलं.

"घ्या सर," ती म्हणाली, "मी सोता केली."

"मावशी, मला आज पौर्णिमेचा उपवास आहे."

कसला उपवास न् कसलं काय! सकाळीच दर्यापूरच्या स्टँडवर दोन आलुबोंडे हाणले होते. पण आईचा दंडक पोटात कुठंतरी जिवंत होता, आणि आमच्याकडे नको म्हणायची हीच सोपी रीत. उपवास म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. मावशीनंही केला नाही. भरलेला डाव तिनं परत भांड्यात रिकामा केला आणि पुढच्या पानाकडे गेली.

वर्षभर तो डाव डोळ्यांपुढून हलेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पुढच्या बुद्धपौर्णिमेला कोणी बोलावलं नव्हतं तरी गेलो. आज खीर मागून खायची, असं ठरवूनच पंगतीत बसलो. तर मावशी आली ती कोरं करकरीत पातेलं घेऊन. आत साबुदाण्याची उसळ.

"सराले पुनवेचा उपवास असते," तिनं शेजारणीला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भांडं नवं हाय सर. चालते ना?"

आता? गुपचूप उसळ खाल्ली असती तर कोणाला कळणार होतं?

"मावशी, उपवास नाही मले. मांगच्या सालीबी नव्हता. खोटं बोललो मी."

ती वाकून हळूच म्हणाली, "मालूम हाय मले. त्या दिवशी तुमी स्टँडवर आलुबोंडा खाऊन राहिले होते, तवा मी मांगंच बसली होती, जीपची वाट पाहत."

"मंग हे उसळ काहून केली?"

"चारचौघांत तुमची मान खाली जाऊ नये म्हून."

करुणेवर मी तासच्या तास घेतले होते. त्यातलं एकही वाक्य तेव्हा आठवेना.

"खीर दे मले," एवढंच कसंबसं म्हणालो.

"देतो ना. पण उसळबी खा. साबुदाणा रातीच भिजवला होता."

मी उसळ खाल्ली, खीरही खाल्ली. मान खाली घालूनच.