सगळं वाटून टाकणारा मुलगा

एप्रिलच्या दुपारी परभणीत दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. मी कूलरसमोर बसून वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचत होते. सोळा वर्षांचा एक मुलगा, भरल्या घरात एकटा. मोठी माणसं बोलतात एक आणि वागतात दुसरं, हे कळल्यापासून त्याचं कशातच मन लागत नाही. कुणी काही विचारलं की 'ठीक आहे' म्हणतो. आधी मला त्याचा रागच येत होता. सगळं मिळतंय, मग कशाला एवढं तोंड पाडून बसायचं?

पुढे तो आपल्या वस्तू वाटायला लागला. बॅट शेजारच्याला, सायकल मावसभावाला. सगळे खूश. अरे, तुला नको का, असं एकानंही विचारलं नाही.

तेवढ्यात माझी आठ वर्षांची लेक पाणी प्यायला आली. तिच्या हातात मोठं घड्याळ.

"कुणाचं गं?"

"ताईचं. म्हणाली, आता तूच ठेव."

ताई म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. डॉक्टरकीच्या क्लाससाठी गावाकडून आमच्याकडं राहायला आलेली. दहावीच्या निकालानंतर दिरांनी घेतलेलं ते घड्याळ ती एरवी कुणाला हात लावू द्यायची नाही. मी उठून तिच्या खोलीत गेले. अंथरूण गुंडाळलेलं, टेबल पुसलेलं, कपडे घड्या घालून एका पिशवीत. तिथं कुणी राहतच नसावं, अशी खोली.

फोन बंद. क्लासला फोन लावला तर तिथले सर म्हणाले, "ती तर लय दिवसांपासून येत न्हाई, मॅडम. तुमीच गावाकडं नेलं म्हणाली."

लेकीला शेजारी सोडून मी स्कूटी काढली. रेल्वे फाटकाजवळ गर्दी दिसली आणि मी स्कूटी तशीच टाकून तिकडं धावले. उसाचा रस प्यायला थांबलेली माणसं होती ती.

ती बसस्टँडवर सापडली, शेवटच्या बाकड्यावर.

"इथं काय करायलीस?"

"रोज येते, काकू. गावाकडची गाडी लागते. चढावं वाटतं. पण पप्पा विचारतील काय झालं, आणि मला सांगताच येणार न्हाई."

"आज पण गाडीसाठीच आलीस?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आज गाडीची वाट बघत नव्हते."

मी तिचा हात धरला. तो त्या उन्हातही गार होता. तिथूनच दिरांना फोन केला, "भाऊजी, पोरीला घेऊन यायलेय. देवगाव फाट्यावर या. तिला काही बोलू नका."

फाट्यावर ते मोटरसायकलजवळ उभे होते. "मार्क कमी पडले का?" एवढं तोंडून निघालंच. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि म्हणाले, "बस माय."

नंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कित्येक महिने जाऊबाई तिला नजरेआड होऊ देत नव्हत्या. कादंबरी मी पुढं पूर्ण केली. त्या मुलाला शोधायला कुणीच गेलं नव्हतं.

आता ती सेलूच्या कॉलेजात बी.ए. करते. कधी हसते, कधी आठ-आठ दिवस बोलत नाही. दीर अधूनमधून फोन करतात, कापसाचं, पावसाचं सांगायला. पण स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं की पलीकडून ते बोलेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.