वरचा आवाज

आमच्या उजनीकाठी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. मोटार उघडण्याआधी ते ती चालू ठेवतात, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतात. कुणी बोललं की म्हणतात, "जरा दम खावा की." मला ते नाटक वाटायचं.

एका दुपारी माझ्या रानात असंच ऐकता ऐकता त्यांनी एकदम मोटार बंद केली. वर विमान चालवायला शिकणाऱ्यांचं रोजचं विमान होतं.

"ऐका," म्हणाले.

"काहीच ऐकू येत न्हाय."

"तेच की! इंजिन बंद पडलंय त्याचं."

मी बघत राहिलो, ते पळाले. केळी काढून सपाट केलेल्या रानात मधोमध माझा ट्रॅक्टर उभा होता. तो त्यांनी बांधाला नेला, आणि विमान मुकाट खाली येऊन त्याच जागेवरून धडधडत पुढं जाऊन थांबलं.

आतून एक पोरगी उतरली. एकटीच. आजूबाजूच्या रानातली माणसं धावत आली आणि आम्ही सगळे विमानाचे फोटो काढत होतो. मिस्त्रींनी तिला पाणी दिलं. "लई बेस उतरवलंस, बाई."

आता विमान आलं की त्यांचा हात थांबतो. आवाज पाण्यापलीकडं जाईपर्यंत मीही मोटार सुरू करत नाही.