इथली पद्धत

माझं ताट घेऊन मी तळघराच्या पायऱ्या उतरत होते आणि वर सगळे गुलाबजाम खात होते.

सोळा पायऱ्या. खाली कपडे धुण्याचं मशीन, दोन सायकली आणि कोपऱ्यात एक सिमेंटचं बेसिन. बेसिनवर माझा हिरवा स्पंज. बाजूच्या फळीवर माझ्या ताटाची जागा. धुवायचं, पुसायचं, तिथंच उभं करून ठेवायचं. वर स्वयंपाकघरात डिशवॉशर होता. बाकीची सगळी ताटं त्यात जात होती.

"किचनमध्ये गर्दी होते गं," वहिनी पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. "नेहमी येणाऱ्यानं आपलं ताट आपण धुवायचं. खाली बेसिन आहे. इथली पद्धत आहे ती."

मी म्हणाले, "हो वहिनी. थँक्यू."

थँक्यू. कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्याच तोंडून निघालं.

आभार मानण्यात मी लहानपणापासून हुशार. वैजापूरला आमच्या शाळेत कुणीही काही वाटायला आलं की आभाराचं भाषण माझ्याकडे. वह्या आल्या, मी आभार मानले. सायकली आल्या, मी मानले. माझी सायकल दोन महिन्यांत मोडली तरी पुढच्या वर्षी त्याच पाहुण्यांचे आभार मीच मानले. वडील मार्केट यार्डात हमाल. कांद्याच्या गोण्या वाहतात. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. इंजिनिअरिंग संभाजीनगरला, हॉस्टेलवर राहून केलं. शेवटच्या वर्षी कॉलेजमधून जर्मनीतल्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली. मार्कांवर झाली. पण मला वाटलं, कुणीतरी माझ्यावर उपकार केले.

ते कुणीतरी म्हणजे साहेब, वहिनींचे नवरे. संभाजीनगरचेच, आमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. पंधरा वर्षं तिकडं. कॉलेजच्या मुली त्यांच्या विभागात जातात आणि शेवटचा अहवाल तेच लिहितात. अहवाल चांगला आला तर आणखी सहा महिने मिळतात, आणि पुढं तिथंच नोकरीचीही शक्यता असते. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "परकं समजायचं नाही. दर रविवारी जेवायला आमच्याकडे. तू आपल्या घरचीच."

जर्मनीतल्या पद्धती शिकायला मी एक वही केली होती. मराठीत. एक, रविवारी आवाज करायचा नाही. दोन, काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे टाकायच्या. पाच, वरिष्ठांना नावानं हाक मारायची. हे मला लई जड गेलं. लॅबच्या प्रमुखांना मी सर म्हणायचे आणि ते मागं वळून बघायचे, सर कोण आलं म्हणून. आणि नऊ, नेहमीच्या पाहुण्यानं आपलं ताट वेगळं, हातानं धुवायचं.

नववी पद्धत मी तिथल्या हॉस्टेलवरही पाळली. मजल्यावर आम्ही पाच जणी, एक स्वयंपाकघर, एक डिशवॉशर. चौघींची भांडी मशीनमध्ये. मी माझं ताट, माझी वाटी, माझा चमचा बाथरूमच्या बेसिनमध्ये धुवायचे. मग खोलीत नेऊन ठेवायचे. सात आठवडे.

एके दिवशी शेजारच्या खोलीतली लेना माझ्या दारात उभी राहिली. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

"एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"आमची भांडी तुला घाण वाटतात का?"

मला काही कळेना.

"आम्ही डुकराचं खातो म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं. चौघी बोललो यावर. तुला एक वेगळं कपाट रिकामं करून द्यायचं ठरवलंय. म्हणजे तुला बाथरूममध्ये जावं लागणार नाही."

"पण ही तर तुमचीच पद्धत आहे ना?" मी वही उघडून नऊ नंबर तिला वाचून दाखवला.

ती हसायला लागली. "आमची? कोण म्हणालं तुला? असलं काही मी ऐकलेलंसुद्धा नाही."

ती हसत होती आणि माझे कान तापले होते. माझ्या आजीला ज्यांनी दारातून आत घेतलं नाही, त्यांच्यातली एक मी आहे, असं या चार पोरी सात आठवडे समजत होत्या. मला! आणि त्या मला कपाट देणार होत्या. तेही प्रेमानं.

मग मला पहिला रविवार आठवला. पहिल्या रविवारी वहिनींनी माझ्या हातातून ताट घेतलं होतं आणि स्वतः डिशवॉशरमध्ये लावलं होतं. त्यानंतर वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. साहेबांनी कौतुकानं फोन हातात घेतला. "काळजी करू नका, मुलगी आपल्याच घरी आहे."

वडील म्हणाले, "लई उपकार झाले साहेब. थंडी लई हाय म्हनं तिथं. लेकराकडं ध्यान ठेवा. बरं, ठेवतो. जय भीम."

साहेब म्हणाले, "हो हो. नमस्कार, नमस्कार."

दुसऱ्या रविवारी पायऱ्या सुरू झाल्या.

इतकं सोपं होतं. एका शब्दानं त्यांना सगळं कळलं, आणि मला, प्रथम श्रेणीत पास झालेल्या मुलीला, सात आठवडे काही कळलं नाही. कारण मी आभार मानण्यात गुंतले होते. माणसं पंधरा वर्षं परदेशात राहिली. भाषा शिकली, गाडी बदलली, नागरिकत्व बदललं. आणि घरून निघताना एक सामान तेवढं जपून नेलं, जे विमानतळावर कुणी उघडून बघत नाही. ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, तेही मी पाहिलं. पण ट्राममधल्या माणसांनी मला कधी आपल्या घरची म्हटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेले. मुद्दाम गेले. त्या दिवशी साहेबांच्या विभागातला मार्कुस जेवायला होता. मोठा, लालबुंद, मोकळा माणूस. आमटी ओरपत म्हणाला, "घरी मी रोज बीफ खातो. तुमच्याकडे आलो की गवत!" सगळे हसले. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले. जेवण झालं. वहिनींनी मार्कुसचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि डिशवॉशरमध्ये आपल्या ताटाला लागून ठेवलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघून मानेनंच तळघराचं दार दाखवलं.

मी उठले. डिशवॉशरचं झाकण उघडंच होतं. मार्कुसच्या ताटाशेजारी मी माझं ताट लावलं.

"अगं, अगं, ते नको—"

वहिनींनी पेपर नॅपकिन घेतला. नॅपकिननं, दोन बोटांनी माझं ताट बाहेर काढलं. सगळ्यांसमोर. मला वाटतं, त्यांनाही ते काढून झाल्यावरच कळलं.

मार्कुसनं विचारलं, "काय झालं?"

साहेब इंग्रजीत म्हणाले, "काही नाही. छोटीशी कौटुंबिक गंमत."

मी इंग्रजीत म्हणाले, "यांना माझं ताट यांच्या ताटांबरोबर चालत नाही. तुमचं चालतं. मी खालच्या जातीची आहे असं हे मानतात."

मार्कुस नॅपकिनकडे बघत राहिला. वहिनी मराठीत म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलतेस! एवढं जेवू घातलं तुला. आपलीच समजून."

मी कोट घातला आणि निघाले. रविवारी बस तासाला एक. थांब्यावर पन्नास मिनिटं उभी होते. थंडीनं पाय बधिर झाले. पण त्या घरात परत जाऊन बसावं असं एकदाही वाटलं नाही.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मी जातपात मानत नाही, तुला माहीत आहे. वहिनी जुन्या वळणाची आहे. तिला एक फोन कर. सॉरी म्हण. विषय संपला."

सॉरी माझ्या जिभेवर आलंच होतं. लहानपणापासूनची सवय. ते मी गिळलं.

"नाही करणार, साहेब."

"तुझा अहवाल अजून लिहायचा आहे मला."

"लिहा."

सहा महिने संपताना त्यांनी लिहिला. 'तांत्रिक काम उत्तम. मात्र इतरांमध्ये मिसळून राहण्याची वृत्ती नाही.' वाचून मी मोठ्यानं हसले. पुढचे सहा महिने मिळाले नाहीत. मी परत आले.

घरी सगळं सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं व्हय? म्या फोनवर बोललो म्हनून?"

"नाही बापू. तुम्ही बोललात म्हणून लवकर कळलं."

आई म्हणाली, "अन् त्यांचं घर लई मोठं हाय म्हनत हुतीस. मग ताटाला जागा का नव्हती गं?"

आता मी वाळूजला एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करते. मागच्या आठवड्यात कॉलेजमधून विभागप्रमुख सरांचा फोन आला. पुढच्या बॅचच्या दोन मुली निवडल्या आहेत, त्यांना मार्गदर्शन कर, साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोल. मी म्हणाले, "जे झालं ते बोलेन." सर गडबडले. "कटुता कशाला? पोरींसाठी ते दार बंद होईल. त्यांनी तुलाही संधी दिली होती."

"संधी मार्कांवर मिळाली होती, सर. या पोरींनाही मार्कांवरच मिळाली आहे."

मी गेले. रिकाम्या वर्गात दोघी बसल्या होत्या. एक हर्सूलची, आमच्या समाजातली. दुसरी वैजापूरकडचीच, बागायतदाराच्या घरातली. दोघी जिवलग मैत्रिणी, वही एकीची, पेन दुसरीचा. मी काहीही न वगळता सगळं सांगितलं. हर्सूलच्या मुलीनं वही मिटली. दुसरी तिचा हात धरून म्हणाली, "लई नीच माणसं हायेत, ताई." मग थोडं थांबून, अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "पण मला नाय सांगनार ते खाली जायला."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "तुला डिशवॉशर दाखवतील. हिला पायऱ्या दाखवतील. ही उतरायला लागली की तू काय करशील?"

तिनं मैत्रिणीकडं बघितलं.

"तिथं जाऊन ठरवू म्हणू नकोस. तिथं समोर अहवाल असतो. आत्ता सांग. हिच्यासमोर सांग."

तिनं मैत्रिणीच्या हातावरचा हात काढून घेतला आणि खाली बघायला लागली. बाहेर शिपाई वर्ग बंद करायला आला. मी त्याला थांबायला सांगितलं आणि त्या दोघींच्या समोरच्या बाकावर बसले. हिच्या बाजूनं उभी राहीन म्हणाली असती, नाही राहणार म्हणाली असती, मला दोन्ही चाललं असतं. उत्तर मिळाल्याशिवाय मात्र मी तिथून उठणार नव्हते.