पडलेल्या घंटाघराची खूण

मंगळवार, ९ सप्टेंबर २०१४. वारा पश्चिमेचा, मंद. नळाला पाणी सकाळी सहा ते साडेसात. अक्रोड भरलेली वांगी तेलात घातली, दोन बरण्या झाल्या. संशोधकांची बोट आजही रिकामी परतली. धक्क्यावर नखलेची चेष्टा. बोट गुरुवारी परत जाणार, म्हणजे त्याच्याकडे आता एकच दिवस आहे.

नखले माझा शेजारी. वय ऐंशी. आयुष्यभर होड्या बांधल्या नि दुरुस्त केल्या, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. लेबनॉनच्या किनाऱ्यावर त्रिपोलीपासून खाली बत्रूनपर्यंतच्या कोळ्यांच्या होड्यांत त्याच्या हातची एखादी तरी फळी सापडेल. पण त्याला स्वतःला होडीत बसून समुद्रावर गेलेलं मी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. होडी पाण्यात ढकलायची आणि पाणी गुडघ्याला लागलं की मागे फिरायचं.

त्याचं घराणं मात्र समुद्रतळाचा स्पंज काढणाऱ्यांचं. थोरला भाऊ मित्री बुडी मारायचा आणि नखले वर होडीत दोरी धरायचा. संगमरवराचा चपटा दगड छातीशी धरून मित्री खाली जाई. त्याचं मनगट आणि दगड एकाच दोरीला. दोनदा ओढ लागली की वर खेचायचं. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ओढ लागली, नखलेनं खेचलं, आणि दोरीच्या टोकाला मातीच्या जुन्या रांजणाचा नुसता एक कान आला. मित्री आला नाही, कधीच नाही.

नखले सांगत राहिला, की खाली रांजणांनी भरलेलं अख्खं गलबत आहे. मित्रीनं ते पहिल्या बुडीत पाहिलं, आणि दुसऱ्या बुडीत मनगटाची नि दगडाची गाठ सोडून ती दोरी रांजणाला बांधली. कोणी ऐकलं नाही. असले मातीचे कान आमच्या बंदरात पावलोपावली पायाला लागतात. धाकटा दोरीवर झोपला, असं गावानं ठरवून टाकलं. मित्रीची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिला झालेली मुलगी ओदेत. नखलेची सख्खी पुतणी, पण ती आजवर त्याला मिस्त्रीच म्हणत आली, एखाद्या गिऱ्हाइकासारखी.

ज्या पाण्यानं घरातला माणूस घेतला, तिथे त्या घरातल्यांनी पुन्हा नांगर टाकायचा नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. समुद्रातली जागा खुणेनं ओळखायची, खूण बापानं मुलाला तोंडी द्यायची, कागदावर कोणी लिहीत नाही. नखलेला मूल नव्हतं. खूण त्याच्यापाशीच राहिली.

या उन्हाळ्यात बैरूतहून डॉक्टर रंदा पाणबुड्यांचं पथक घेऊन आली. प्राचीन फिनिशियन लोकांचं एखादं मालवाहू गलबत आमच्या किनाऱ्याला मिळतंय का, हे पाहायला. पहिले काही दिवस नखले घराबाहेर पडलाच नाही. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून धक्क्यावर गेला आणि सगळ्यांसमोर खूण सांगितली: चर्चच्या घंटाघरानं मागच्या कड्यातल्या गुहेचं तोंड झाकलं पाहिजे, आणि मिठागराची पवनचक्की भूशिराच्या नाकाला टेकली पाहिजे. त्या दोन रेघा जिथे मिळतात, तिथे खाली गलबत.

पाणबुडे दोन दिवस तिथे उतरले. नुसती वाळू.

"मिस्त्री," कॉफीवाला तनूस ओरडला, "रांजण पोहत सायप्रसला गेले काय रे?"

"तुझ्या बापाला विचार. तुझी उधारी चुकवायला तोच गेला होता तिकडे," नखले म्हणाला. लोक हसले, पण तो अर्धी कॉफी तशीच ठेवून निघाला.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. "तू नन्सच्या शाळेत शिकलेली बाई. खरं सांग. एखादी गोष्ट माणसानं साठ वर्षं मनात घोकली, तर खोटी असली तरी त्याला ती खरी वाटायला लागते का?"

"लागते कधीकधी," मी म्हणाले.

"म्हणजे मी झोपलोही असेन."

"नखले, असं मी म्हटलेलं नाही."

"मी म्हणतोय," तो म्हणाला आणि भिंतीला धरत घरी गेला.

शाळेत सिस्टर आम्हाला रोज पाच ओळी लिहायला लावत. ती सवय मला लागून राहिली. मी १९५४ ची वही काढली. त्या दिवसाखाली एवढंच होतं: मित्री बुडाला, नखले कोणाशी बोलत नाही. मी पुढची पानं, मग पुढच्या वह्या चाळत गेले, आणि मे १९५७ मध्ये थांबले. "घंटाघराचं काम संपलं. गेल्या वर्षी भूकंपात पडलेलं जुनं दक्षिणेच्या कोपऱ्यात होतं. नवं शाळेच्या बाजूला, चाळीस पावलं उत्तरेला. घंटा आता फार जवळ वाटते."

विसरूनच गेले होते. सगळेच विसरले होते. नखलेचं घर त्या घंटेखालीच आहे. पण खूण त्याच्यापाशी शब्दांत होती आणि घंटाघर डोळ्यांसमोर, आणि दोन्हींची कधी गाठच पडली नाही.

सकाळी सहाला ओदेत नेहमीप्रमाणे भट्टीवरची रोटी घेऊन आली. मी तिला ते पान वाचून दाखवलं.

"म्हणजे ते भलत्याच जागी शोधतायत," ती म्हणाली.

"हो."

"आणि आज शेवटचा दिवस." ती खुर्चीत बसली. "मावशी, हे मला का वाचून दाखवलंत? मिस्त्रींना जाऊन सांगायचं होतं."

"खाली तुझे वडील आहेत. म्हटलं, आधी तुला."

"आईनं मरताना माझ्याकडून शब्द घेतलाय. त्या माणसाच्या दारात उभं राहायचं नाही."

तिनं रोट्या एकदा मोजल्या, परत मोजल्या. मग उठली आणि तशीच घरातल्या चपलांवर बाहेर गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "मिस्त्री! तुमची खूण कुठल्या घंटाघराची? हे उभं आहे त्याची, की पडलं त्याची?"

मग खुर्ची पडल्याचा आवाज.

पडलेलं घंटाघर समुद्रातून दिसणार कसं? ओदेतनं माझी पांढरी चादर नेली, लांब वल्ह्याला बांधली आणि चर्चच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात गच्चीवर ती धरून उभी राहिली. नखले बोटीत चढला. रीत मोडली, पण पाद्रीबाबांपासून तनूसपर्यंत कोणी चकार शब्द काढला नाही. चादरीनं गुहेचं तोंड झाकेपर्यंत बोट दक्षिणेला सरकत गेली. नऊपासून बारापर्यंत ओदेतनं ते वल्हं खाली टेकवलं नाही. मी पाणी घेऊन वर गेले, तर म्हणाली, "नको, हात हलेल."

बाराला बोटीचा भोंगा वाजला.

दुपारी डॉक्टर रंदानं स्वतः येऊन फोटो दाखवले. वाळूतून वर आलेले रांजणांचे गळे, ओळीनं, एकावर एक कलंडलेले. अडीच हजार वर्षांचे असावेत, म्हणाली. "आणि हे बघा, हे त्या गलबतातलं नव्हे." संगमरवराचा चपटा दगड, दोरीसाठी भोक पाडलेला. ओदेतनं तो फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

डॉक्टर गेल्यावर आम्ही तिघं माझ्या स्वयंपाकघरात उरलो. दिवसभर लोकांनी नखलेची पाठ थोपटली होती. तो खूश दिसेल असं मला वाटलं होतं. तो टेबलाकडे बघत बसला होता.

"शेवटचं काय बोलले माझे वडील?" ओदेतनं विचारलं. आजवर तिनं हे त्याला विचारलं नव्हतं.

"म्हणाला, सगळे ऑलिव्ह खाऊ नकोस."

ओदेत हसली आणि तिनं तोंडावर हात धरला.

"मी झोपलो नव्हतो, पोरी," नखले म्हणाला. "पण ऑलिव्ह खात होतो. दोरीवर एकच हात होता. त्यानं गाठ सोडली, तेव्हा दोरी हलली असणार. दोन्ही हात असते, तर मला कळलं असतं. कदाचित. हे मी कोणाला सांगितलं नाही. आता रांजण सापडलेत, सगळे पाठ थोपटतायत; हे सांगायचं राहून जाईल, म्हणून आत्ता सांगतो."

तिच्या उजव्या हाताला वल्ह्यानं फोड आले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"हे आईला कळलं असतं, तर ती काय म्हणाली असती, कोणास ठाऊक," शेवटी ती म्हणाली. मग, "जेवलात का सकाळपासून?"

"नाही."

"मावशी, ताटं कुठे आहेत?"

मी दाखवली. तिनं तीन काढली.

त्या संध्याकाळची माझी नोंद: बुधवार. वारा पडलेला. वीज सहा ते आठ नव्हती. मसूर-भात आणि कांदा, तिघांत संपला. पातेलं भिजत घातलं आहे.